मुलाच्या पटाशीच्या दातांमध्ये तिसराच टोकदार दात आलाय, काढायचा का थांबायचं?

यावलची_आई:
नमस्कार, माझा मुलगा ८ वर्षांचा आहे. वरचा उजवा पटाशीचा दात मागच्या दिवाळीत आला, डावीकडचा दुधाचा दातही तेव्हाच पडला पण तिथे अजून काहीच नाही, आता श्रावण लागला. आणि मधोमध एक बारीक टोकदार दात फुटलाय, मोबाईलची बॅटरी लावून बघितलं तर खुंटीसारखा दिसतो. भुट्टा दिला तर पोरगं कडेच्या दाढांनी ओरबाडतं, शाळेत मुलं चिडवतात म्हणून हल्ली तोंडावर हात ठेवून हसतं. इथल्या एका डॉक्टरांनी एक्स-रे न काढताच १२ वर्षांपर्यंत थांबा म्हणून सांगितलं. सासूबाई म्हणतात गरोदरपणी ग्रहणात विळीवर भाजी चिरली म्हणून असं झालं, मी चिरली होती हे खरं आहे आणि ते काही केल्या मनातून जात नाही. कुणाला अनुभव असेल तर सांगा प्लीज.

दातांची_डॉक्टर_धुळे:
ताई, पहिलं ग्रहणाचं डोक्यातून काढा. हिरडीच्या आत एक पट्टी असते, तिच्यातून दातांच्या कळ्या फुटतात, कधी कधी एखादी कळी जास्तीची फुटते, एवढंच. घरात कुणाला असेल तर मुलांमध्ये दिसू शकतं, मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये जास्त. भाजी चिरण्याचा काडीचा संबंध नाही, सासूबाईंना हवं तर हे वाचून दाखवा.

वरच्या दोन पटाशीच्या दातांमधल्या अशा जादा दाताला मेझिओडेन्स म्हणतात, जादा दातांमध्ये हाच सगळ्यात जास्त सापडतो. आता महत्त्वाचं: एका बाजूचा दात येऊन ६ महिने उलटले आणि दुसऱ्या बाजूचा आला नाही तर एक्स-रे काढायचाच, वाट बघत बसायचं नाही. तो जादा दात खऱ्या दाताची वाट अडवून बसलेला असू शकतो, त्याला ढकलून तिरका फिरवू शकतो, क्वचित आत गाठही होते. आणि दिसतो तो एकच आहे असंही धरून चालू नका, कधी कधी दुसरा हाडात लपलेला असतो आणि त्याचं टोक उलटं, नाकाकडे असतं. शेजारच्या दाताचं मूळ साधारण वयाच्या १० व्या वर्षी पूर्ण होतं म्हणून काही केसेसमध्ये मुद्दाम थांबतात हे खरं, पण दात अडलेला असेल तर थांबून उपयोग नाही.

शहाद्याचा_बाप:
माझ्या पोराचं सेम झालं होतं भो. आम्ही थांबलो, आज करू उद्या करू, कापसाचा हंगाम, मग लग्नसराई, असं करत पोरगं १३ वर्षांचं झालं. तोपर्यंत खरा दात हाडात वर आडवा झालेला. मग जादा दात काढला, हिरडी उघडून आतल्या दाताला बारीक साखळी लावली आणि तारा बसवून तो हळूहळू खाली ओढला, दीड वर्ष गेलं, दर महिन्याला शहादा ते धुळे एसटीने. दात जागेवर आला पण पोराने जे सोसलं ते माझ्या आळसामुळे, आजही वाईट वाटतं. ताई तुम्ही आत्ताच जा.

अमळनेरकर_ताई:
माझ्या मुलीचं उलटं, पटाशीच्या बाजूचा एक दात जन्मापासूनच नाही, कळीच नव्हती. तेही एक्स-रेमध्येच कळलं. म्हणून एक्स-रेत सगळे दात मोजून घ्यायला सांगा, आणि दुधाचे दात उगाच कुणाला काढू देऊ नका, खाली पक्का दात नसेल तर तोच वर्षानुवर्षं जागा धरून ठेवतो.

यावलची_आई:
सगळ्यांचे खूप आभार. काल जळगावला जाऊन मोठा एक्स-रे काढला. डॉक्टर ताई, तुम्ही म्हणालात तसंच, वर अजून एक आहे, उलटा, आणि डावा दात त्याच्या मागे अडकलाय. पुढच्या मंगळवारी दोन्ही काढणार आहेत. दिसतो तो साधं इंजेक्शन देऊन, आतल्यासाठी टाळूच्या बाजूने छोटी चीर. त्यानंतर दात आपोआप उतरतो का बघायला सहा महिने ते वर्ष देतील, नाही आला तर साखळी. तेवढे दिवस कळण्याची भाकरी बंद, केळं कुस्करून दूध-भात. मुलाला एक्स-रे दाखवला तर त्याने बोटाने दात मोजले आणि विचारलं, मग माझा खरावाला हाच का? सासूबाई बाजूलाच होत्या, त्यांनीच त्याला हो म्हणून सांगितलं.