लार्ज व्हाइट जातीच्या डुकरिणींची पिल्ले कमी: दोष नराचा की उन्हाचा?

मोहोळकर: ८ माद्या, एकच नर. पूर्वी वेताला १०-११ पिल्ले व्हायची, आता ५-६. त्यातल्या ३ माद्या याच नराच्या मुली आहेत. लसीकरण झालेले आहे. अनुवंशाचा प्रकार असेल का?

बार्शी_वराह: बाप-मुलगी संकरात पिल्लांचा अंतःप्रजनन गुणांक (जवळच्या नात्यातल्या पैदाशीचे माप) २५ टक्के येतो. गर्भ लवकर मरतात, जन्मलेली पिल्ले अशक्त निघतात. पण आधी नोंदवही उघडा. उरलेल्या ५ माद्यांचीही पिल्ले घटली असतील तर नुसत्या नात्यावर खापर फोडू नका.

पशुवैद्य_सोलापूर: बरोबर. सगळ्याच माद्यांत घट असेल तर संशय नरावर. गुणसूत्रांचे तुकडे आपसात बदललेले असले (स्थानांतरण) तर नर दिसायला धडधाकट, वीर्यही चांगले, पण बरेच गर्भ सुरुवातीलाच मरून शोषले जातात. हेपारिन नळीतल्या (रक्त गोठू न देणाऱ्या) रक्तावर गुणसूत्र तपासणी होते. असा नर निघाला तर त्याची पिल्लेही पैदाशीला ठेवू नका, दोष त्यांच्यात उतरू शकतो.

वाळलेली, काळपट पिल्ले वेगवेगळ्या आकाराची पडत असतील तर आधी पार्व्हो (गर्भ मारणारा विषाणू) बघा. शिवाय आपला एप्रिल-मे! उन्हाने बिघडलेले वीर्य ५-६ आठवडे सुधारत नाही. थंडीतही पिल्ले कमीच असतील तरच अनुवंश धरा.

मोहोळकर: थंडीतही ६च. नर बदलू?

बार्शी_वराह: बिननात्याचा ड्युरॉक (डुकराची दुसरी जात) नर आणा, निम्म्या माद्या त्याला दाखवा, निम्म्या जुन्याला. ११४ दिवसांनी, व्यायल्यावर, कळेलच. तोवर मुली बापापासून लांब.