ट्रेलरमधील पंप सर्व नळ बंद असतानाही अधूनमधून चालतो, पलंगाखाली ओल आहे: गळती कशी शोधावी?

प्रश्न (ग्रँड रॅपिड्स, मिशिगन)

नमस्कार. गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही २०१४ सालचा, २६ फूट लांबीचा एक वापरलेला ट्रेलर (गाडीमागे ओढून नेण्याचे फिरते घर) विकत घेतला. हिवाळ्यापूर्वी मी ताज्या पाण्याची टाकी आणि वॉटर हीटर रिकामे केले, हीटरला बायपास केले (म्हणजे त्यात द्रव न शिरता पुढे जाईल असे केले) आणि पाइप गोठून फुटू नयेत म्हणून पंपाच्या साहाय्याने गुलाबी अँटीफ्रीझ स्वयंपाकघरातील सिंक, बाथरूममधील बेसिन, शॉवर आणि कमोड येथपर्यंत पोहोचवले. एप्रिलअखेरीस पाणी पुन्हा भरले, तेव्हा सर्व नळ व्यवस्थित चालले.

अडचण पहिल्याच रात्री लक्षात आली. एकही नळ उघडा नसताना दर वीस मिनिटांनी पंप तीन-चार सेकंद चालतो आणि थांबतो. चार दिवसांनी ट्रेलरच्या पुढच्या टोकाला असलेल्या पलंगाखालील कप्पा उघडला, तर तेथील प्लायवूड ओले होते आणि कुबट वास येत होता. पंप आणि वॉटर हीटर याच कप्प्यात आहेत, परंतु दोन्हींच्या जोडांवरून हात फिरवला असता ते कोरडे लागले. त्यापूर्वीचे आठ दिवस पाऊस नव्हता. दुरुस्तीच्या एका दुकानाने फोनवर ऐकूनच पंप बदलण्याचा सल्ला दिला. पंप बदलण्यास माझी ना नाही, मात्र दोष तेथेच आहे याची खात्री आधी कशी करावी, हे कृपया सांगावे. घरात लहान मुले असल्यामुळे बुरशीची विशेष काळजी वाटते.

उत्तर (लंडन, ओंटारिओ)

पंप इतक्यात बदलू नका. तुम्ही केलेल्या वर्णनावरून पंप त्याचे काम चोख करत आहे, असेच दिसते.

ट्रेलरमधील बारा व्होल्टचा पंप दाबावर चालतो. वाहिनीतील दाब साधारण ४५ ते ५५ पीएसआयपर्यंत (पीएसआय हे दाबाचे एकक) गेला की त्यातील स्विच पंप बंद करतो आणि दाब ठरावीक मर्यादेखाली उतरला की पुन्हा चालू करतो. नळ बंद असताना पंप चालतो याचा अर्थ दाब कोठून तरी निसटतो आहे, आणि त्याला दोनच वाटा आहेत. एकतर पाणी वाहिनीतून बाहेर जात आहे, किंवा पंपामध्ये पाणी मागे जाऊ न देणारी जी झडप असते ती नीट बसत नसल्यामुळे पाणी पंपातून उलटे टाकीत परतत आहे. पंप बदलण्याचा सल्ला फक्त दुसऱ्या परिस्थितीत योग्य ठरतो, आणि त्या परिस्थितीत प्लायवूड ओले होण्याचे काही कारण नाही. तरीही झडप वेगळी तपासून घ्यावी. टाकी अर्धी रिकामी करा, पंपाचे बटण बंद ठेवा आणि घरच्या नळाची होज ट्रेलरच्या बाहेरील जोडणीला लावा. मध्ये प्रेशर रेग्युलेटर अवश्य असू द्या, कारण घरातील किंवा कॅम्पग्राउंडमधील दाब ट्रेलरच्या जोडांना सोसवेल असा असतोच असे नाही. मी ४५ पीएसआयवर ठेवतो. दोन तासांनी टाकीतील पातळी वाढलेली आढळली तर झडप गळते आहे, आणि पातळी तशीच राहिली तर पंप निर्दोष आहे. काही ट्रेलरमध्ये टाकी भरण्यासाठी वेगळा व्हॉल्व्ह असतो, तो घट्ट बंद असल्याची खात्री करूनच ही चाचणी घ्यावी.

यापुढची पायरी बहुतेक जण गाळतात आणि म्हणून विनाकारण भिंती उघडत बसतात. गरम आणि थंड पाण्याच्या वाहिन्या एकमेकींपासून तोडा. हीटरच्या मागे तीन व्हॉल्व्ह असतील, तर हीटर विजेवर आणि गॅसवर दोन्हीकडे बंद करून ते तिन्ही बंद करा. नंतर गरम पाण्याचा एखादा नळ उघडून त्या बाजूचा दाब सोडून द्या आणि नळ पुन्हा बंद करून पंप चालू करा. पंप आता शांत राहिला तर गळती गरम बाजूला किंवा हीटरमध्ये आहे, आणि पूर्वीसारखाच दर वीस मिनिटांनी चालला तर ती थंड बाजूला आहे. अर्धे काम येथेच संपते. हीटरच्या टाकीत पाणी असल्याची खात्री होईपर्यंत त्याचे विजेचे बटण मात्र चालू करू नये, कारण त्याचा एलिमेंट कोरडा तापला तर थोड्याच वेळात जळतो.

त्यानंतर प्रत्येक जोडाभोवती कोरड्या टिश्यू पेपरची पट्टी गुंडाळा आणि रात्रभर तशीच ठेवा. बोटाला न जाणवणारा ओलावा कागदावर स्पष्ट उमटतो.

शेवटी एक विनंती. ओल जेथे दिसते तेथेच गळती आहे असे धरून चालू नका. ट्रेलरच्या तळाला प्लॅस्टिकच्या नालीदार पत्र्याचे आच्छादन असते, वर इन्सुलेशन असते, आणि पाणी उताराकडे आठ-दहा फूट सहज वाहत जाते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी गत अनेकांची येथेच होते. ट्रेलर उभा आहे तेथे लेव्हल ठेवून त्याचे पुढचे टोक खाली आहे का, हे पाहून कळवावे.

उत्तर (सॅन अँटोनिओ, टेक्सास)

वरील पद्धतीशी मी पूर्णतः सहमत आहे, फक्त दोन गोष्टी जोडतो.

पहिली पावसाविषयी. आठ दिवस पाऊस नव्हता म्हणून छत निर्दोष ठरत नाही, कारण इन्सुलेशनमध्ये साठलेले पाणी पुढे अनेक दिवस झिरपत राहते. पंपाच्या लक्षणामुळे वाहिनीवरचा संशय बळकट आहे हे खरे, तथापि एकाच वाहनात दोन गळत्या असणे मुळीच दुर्मीळ नाही. छतावरील सांधे, खिडक्यांच्या कडा आणि पुढच्या कोपऱ्यांतील दिवे एकदा पाहून घ्यावेत. रबरी छतावर सिलिकॉन लावू नये. ते नीट चिकटत नाही, आणि पुढे योग्य सीलंटलाही तेथे चिकटू देत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. अँटीफ्रीझ कोठेकोठे पोहोचवले याची जी यादी तुम्ही दिली आहे, तीत बाहेरच्या शॉवरचा उल्लेख नाही. तुमच्या ट्रेलरच्या बाहेरील भिंतीवर छोटे झाकण असलेली पेटी आहे का? असल्यास सर्वप्रथम तीच तपासा. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के प्रसरण पावते. पेक्सचा (लवचिक प्लॅस्टिकचा) पाइप ते प्रसरण बऱ्याचदा सहन करतो, परंतु नळाचा प्लॅस्टिकचा साचा आणि कोपऱ्यातील एल्बो (वळणाचा जोड) सहन करत नाहीत. शिवाय ही पेटी बाहेरच्या पत्र्याला चिकटलेली असल्यामुळे तेथील पाणी सर्वांत आधी गोठते. कमोडच्या मागचा पाण्याचा व्हॉल्व्हही याच कारणाने फुटतो, पण तेथे तुम्ही अँटीफ्रीझ चालवले आहे.

प्रश्नकर्ता

आपणा दोघांचे मनापासून आभार. शनिवारी दिवसभर याच कामात होतो.

घरच्या नळाचा दाब देऊन दोन तास थांबलो, टाकीतील पातळी हलली नाही. नंतर हीटरमागील तिन्ही व्हॉल्व्ह बंद केले, तरीही पंप एकवीस मिनिटांनी चालला. म्हणजे दोष थंड बाजूला. लेव्हल ठेवून पाहिले असता पुढचे टोक सुमारे दीड इंच खाली निघाले.

बाहेरचा शॉवर आहे, आणि तो माझ्या ध्यानातून पूर्णपणे निसटला होता. त्याच्या मागची बाजू बाथरूमच्या बेसिनखालील कपाटातून दिसते. एका फळीचे चार स्क्रू काढल्यावर थंड पाण्याच्या नळाच्या मागे, जेथे पाइप जोडलेला आहे त्या गळ्यावर, केसाएवढा तडा दिसला. टिश्यू पेपर लावताच भिजला. पाणी पाइपच्या अंगाने खाली उतरून फरशीच्या भोकातून तळात जात होते, त्यामुळे कपाट कोरडे होते. तेथून पलंगाखालची ओली जागा नऊ फुटांवर आहे.

आता हा शॉवर बदलावा की काढून टाकावा? आणि तळातील ओल कशी सुकवावी?

उत्तर (लंडन, ओंटारिओ)

तडा सापडला हे उत्तम झाले. त्यावर इपॉक्सी किंवा टेप लावून वेळ मारून नेऊ नये, कारण दाबाखाली तो तडा वाढतच जातो.

मुलांचे चिखलाने भरलेले पाय धुण्यासाठी शॉवर वापरत असाल तर संपूर्ण नळ बदला. जुन्या नळाच्या दोन छिद्रांमधील अंतर मोजून त्याच मापाचा घ्या. वापरत नसाल तर दोन्ही पाइप कापून त्यांची तोंडे टोपण लावून बंद करावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. दर हिवाळ्यात विसरण्याची एक जागा कमी होते.

नळाला जोडणाऱ्या फिरत्या नटाच्या आत शंकूच्या आकाराचा रबरी वायसर असतो. पाणी अडवण्याचे काम तो वायसर करतो, आटे नाही. म्हणून तेथे टेफ्लॉन टेप लावू नये. नट हाताने घट्ट करून वर फार तर पाव फेरा द्यावा. पान्याने जोर लावून प्लॅस्टिकचे आटे फोडलेले मी पुष्कळ पाहिले आहेत. निमुळत्या आट्यांचा धातूचा जोड असेल, तेथे मात्र टेप हवाच.

पाइप कापावा लागलाच तर तो कटरने सरळ कापावा, करवतीने नको. पाइपला जोडावर घट्ट धरून ठेवणारी तांब्याची रिंग पाइपच्या टोकापासून ३ ते ६ मिलिमीटर आत बसवून दाबावी आणि दाबल्यानंतर त्यासाठी मिळणाऱ्या गेजने तपासावी, कारण डोळ्यांना ठीक दिसणारी रिंगही सैल असू शकते. सर्वांत शेवटी पाइप भिंतीला क्लिपने बांधा. प्रवासात ट्रेलर सतत हादरतो, आणि मोकळा लटकणारा पाइप प्रत्येक हादऱ्याचा ताण जोडावर टाकतो. कारखान्यातून निघतानाच या क्लिपा कमी लावलेल्या असतात, असा माझा अनुभव आहे.

सुकवण्याबाबत घाई करू नका. तळाच्या आच्छादनाला सर्वांत सखल जागी तीन बाजूंनी छेद द्या, म्हणजे झडपेसारखे उघडेल. पाणी निथळू द्या. चिंब झालेले इन्सुलेशन काढून टाका, ते सुकून पूर्ववत होण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. आत पंखा आणि डीह्युमिडिफायर कित्येक दिवस चालू ठेवावे लागतील. प्लायवूड जागोजागी स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहा. टोक सहज आत गेले तर तेवढा तुकडा कापून बदलावा लागेल. टणक लागले तर ओलावा मोजण्याच्या साध्या मीटरने तपासा आणि ट्रेलरच्या कोरड्या भागातील फळीइतकाच आकडा येईपर्यंत छेद बंद करू नका.

उत्तर (सॅन अँटोनिओ, टेक्सास)

पुढच्या हिवाळ्यासाठी एवढेच, की उरलेले पाणी काढण्यासाठी कॉम्प्रेसरच्या हवेने वाहिनी फुंकणार असाल तर हवेचा दाब ४० पीएसआयच्या वर नेऊ नका. अँटीफ्रीझ प्रोपिलीन ग्लायकॉलचेच घ्या, कारण मोटारीच्या रेडिएटरमध्ये घालतात ते विषारी असते. शॉवर ठेवलात तर त्याचे दोन्ही नळ उघडून हाताच्या फवाऱ्यातून गुलाबी द्रव येईपर्यंत थांबा. मात्र नंतर ते दोन्ही नळ बंद करायला विसरू नका. फवाऱ्याचे बटण बंद आणि नळ उघडे राहिले, तर गरम व थंड पाणी तेथे एकमेकांत मिसळते आणि आतल्या सर्व नळांना कोमट पाणी येऊ लागते. अनेक जण त्यासाठी हीटर दुरुस्तीला देतात.

प्रश्नकर्ता

शॉवर ठेवण्याचे ठरवले. नवा नळ काल बसवला, दोन्ही पाइप क्लिपने बांधले आणि रात्रभर पंपाचे बटण चालू ठेवले. रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत पंप एकदाही चालला नाही. तळाला छेद दिल्यावर जवळपास अर्धी बादली पाणी निघाले. प्लायवूड एका कोपऱ्यात, तळहाताएवढ्या जागेत मऊ झाले आहे, बाकी टणक आहे. तेवढा तुकडा मी बदलणार आहे. छतावर चढून कडाही पाहिल्या. पुढच्या उजव्या दिव्याभोवतीचे सीलंट तडकले आहे, ते या आठवड्यात खरवडून नव्याने भरेन. पंखा चालूच आहे, आणि मीटरचा आकडा रोज सकाळी वहीत लिहून ठेवतो आहे.