अर्भकांवरील शस्त्रक्रियांचे काय?
सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या नालसा निकालाने आंतरलिंगी व्यक्तींच्या (जन्मतःच ज्यांची शारीरिक लिंगलक्षणे स्त्री किंवा पुरुष या ठरावीक चौकटीत बसत नाहीत अशांच्या) हक्कांचा प्रश्न निकालात निघाला, असे म्हटले जाते, त्याला एक पुरवणी जोडतो. त्या निकालाने लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला, हे खरेच. पण ज्या मुलाला अजून बोलताही येत नाही, त्याचे शरीर शस्त्रक्रियेने मुलाचे किंवा मुलीचे करण्याचा निर्णय आईवडील आणि डॉक्टर परस्पर घेऊन टाकतात, तेव्हा तो हक्क कागदावरच राहतो. मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने एप्रिल 2019 मध्ये नेमके यावर बोट ठेवले आणि त्याच वर्षी तमिळनाडू सरकारने, जिवाला धोका असल्याखेरीज, अशा शस्त्रक्रियांवर बंदी घातली.

2023 मध्ये केरळ उच्च न्यायालयात तर खुद्द आईवडीलच गेले होते. सात वर्षांच्या आंतरलिंगी मुलाची गुणसूत्रे 46 एक्सएक्स (सहसा स्त्रियांमध्ये आढळणारी) आहेत, त्याला मुलगी म्हणून वाढवायचे आहे, तेव्हा शस्त्रक्रियेची परवानगी द्यावी, अशी त्यांची विनंती होती. मुलाच्या संमतीविना असा हस्तक्षेप राज्यघटनेच्या अनुच्छेद 14, 19 आणि 21 मधील (समानता, स्वातंत्र्य आणि जीविताच्या) हक्कांवर घाला ठरेल, असे सांगून न्यायालयाने ती मान्य केली नाही आणि जिवाला धोका आहे का, हे तपासण्याचे काम तज्ज्ञ समितीकडे सोपवले. केंद्राच्या 2019 च्या ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कसंरक्षण कायद्याने मात्र आंतरलिंगी व्यक्तींना ट्रान्सजेंडरच्या व्याख्येतच बसवले (याला मान्यता म्हणायचे असेल तर म्हणावे) आणि अर्भकांवरील शस्त्रक्रियांना मनाई करणारे एकही कलम घातले नाही.