ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर पुस्तक असूनही विद्यार्थ्यांना ते का सापडत नाही?

प्रश्न : मराठीची प्राध्यापिका, नाशिक

नमस्कार. गेल्या आठवड्यात सुरगाण्याहून येणारी माझी एक विद्यार्थिनी कोकणा लोकगीतांवरील प्रबंधासाठी संदर्भ शोधत होती. विद्यापीठ ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर तिने मोबाइलवरून देवनागरीत 'लोकसाहित्य' असे लिहिले, तेव्हा 'एकही नोंद आढळली नाही' एवढेच उत्तर आले. मी शेजारीच बसले होते. तोच शब्द रोमन लिपीत लिहून पाहिल्यावर मात्र पुस्तकांची लांबलचक यादी समोर आली, आणि त्यातली तीन पुस्तके तिला हवी होती तीच निघाली. मी नसते, तर ती रिकाम्या हाताने घरी गेली असती. आता संकेतस्थळ नव्याने करण्यासाठी समिती नेमली आहे आणि तिच्यात माझेही नाव आहे. सुरुवात कुठून करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : निवृत्त ग्रंथपाल, नाशिक

मॅडम, आपण सांगितलेला दोष संकेतस्थळाच्या रूपात नसून नोंदींमध्ये आहे, त्यामुळे नुसता रंगरूपाचा बदल करून तो जाणार नाही. अनेक ग्रंथालयांनी संगणकीकरण केले, तेव्हा मराठी शीर्षके रोमन लिपीत तरी भरली किंवा युनिकोडपूर्वीच्या, म्हणजे सर्व संगणकांवर चालणारी आजची समान अक्षरपद्धत येण्याआधीच्या, फाँटमध्ये तरी. असा फाँट वापरलेली नोंद पडद्यावर मराठी दिसते, पण संगणकाच्या लेखी ती वेगळीच चिन्हे असतात, म्हणून युनिकोडमध्ये लिहिलेला शब्द तिच्याशी जुळत नाही. त्यात शुद्धलेखनाची भर पडते. आज आपण जे नियम पाळतो ते १९६२चे, त्यांत १९७२मध्ये भर पडली. त्याआधीच्या पुस्तकांच्या शीर्षकांत 'भाषेचें', 'इतिहासांतील' असे अनुस्वार येतात आणि आजचा विद्यार्थी ते लिहीत नाही.

ग्रंथालयाचे सॉफ्टवेअर सोल असो वा कोहा, नोंद 'मार्क' या संगणकीय नोंदींच्या प्रमाणित पद्धतीची असेल तर मूळ लिपीतील शीर्षकासाठी ८८० क्रमांकाचे क्षेत्र उपलब्ध आहे. रोमन नोंद पुसू नका, तिला देवनागरी जोडून द्या, आणि शोधताना अनुस्वाराचा व ऱ्हस्व-दीर्घाचा फरक दुर्लक्षिला जाईल अशी व्यवस्था करून घ्या. सगळा संग्रह एकदम होणार नाही. मराठी, इतिहास आणि समाजशास्त्र या विभागांपासून सुरुवात करावी. ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथन यांनी १९३१मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवण्याचे आहे, आणि माझ्या मते हे काम त्याच सूत्राचे आहे.

उत्तर : संकेतस्थळांची रचना करणारा, गंगापूर रोड

सरांशी मी पूर्ण सहमत आहे, परंतु नोंदी दुरुस्त होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. पाच विद्यार्थ्यांना त्यांच्याच मोबाइलवर 'हे पुस्तक शोधा', 'घेतलेल्या पुस्तकाची मुदत वाढवा', 'घरून हा लेख उघडा' अशी तीन कामे द्या आणि शेजारी बसून फक्त पाहा; मदत करू नका, बोलूही नका. संकेतस्थळांच्या वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी २०००मध्ये लिहिले होते की मोठे दोष पाच जणांतच दिसून येतात, आणि माझाही अनुभव तसाच आहे. एका ग्रंथालयासाठी आम्ही हे केले, तेव्हा इमारतीच्या छायाचित्राने मोबाइलचा सगळा पडदा व्यापलेला आढळला; शोधाची चौकट तीनदा सरकवल्यावर दिसत होती आणि दोन मुली तिथवर पोहोचल्याच नाहीत.

दुसरे म्हणजे नावे. 'ई-रिसोर्सेस', 'रिमोट ॲक्सेस', 'एन-लिस्ट', 'ओपॅक' हे शब्द ग्रंथालयातल्या माणसांचे आहेत, विद्यार्थ्याला मात्र 'पुस्तक शोधा' आणि 'घरून लेख वाचा' असेच हवे असते. १ जानेवारी २०२५पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही केंद्र सरकारची योजना सुरू झाल्याने सरकारी संस्थांसाठी सुमारे १३,००० संशोधन नियतकालिके खुली झाली, परंतु परिसराबाहेरून लॉगिन कसे करायचे हे पहिल्या पानावर सांगितले नाही, तर प्राध्यापकसुद्धा ती वापरत नाहीत.

उत्तर : संशोधक विद्यार्थी, नाशिक रोड

मी दृष्टिहीन आहे आणि स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, वाचतो. ग्रंथालयाच्या वेळा आणि नियम स्कॅन केलेल्या पत्रकाच्या रूपात टाकलेले असतात. ते चित्र असल्यामुळे माझा स्क्रीन रीडर तिथे गप्प बसतो, आणि वेळ विचारायला मला फोन करावा लागतो. अशी माहिती आम्हालाही वाचता यावी असे सांगणारा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६मध्येच झाला आहे. तोच मजकूर टाइप करून टाकला आणि प्रत्येक बटणाला वाचता येईल असे नाव दिले, तरी माझी निम्मी अडचण दूर होईल. आपल्या पाच जणांत आमच्यापैकी एकाला जरूर बसवा.

प्रश्नकर्ती

आपणा सर्वांची मी मनापासून ऋणी आहे. येत्या शनिवारी पाच विद्यार्थ्यांसह बसण्याचे ठरले आहे. त्यांत सुरगाण्याची विद्यार्थिनी असेल आणि स्क्रीन रीडर वापरणारा आमचा एक विद्यार्थीही. ग्रंथपाल सरांना एक विनंती : जुन्या फाँटमधील नोंदी युनिकोडमध्ये नेताना जोडाक्षरे बिघडतात असे ऐकले आहे, तर तपासणीसाठी विभागातील विद्यार्थ्यांना कसे बसवावे, हे आपण सांगाल का?