मदत हवी आहे: फ्लॉरेन्सचा घुमट आणि ह्यांचा गुडघा
ऑक्टोबरात आम्ही दोघंच इटलीला निघालोय. रोम चार रात्री, फ्लॉरेन्स तीन, व्हेनिस दोन. घोडं अडलंय फ्लॉरेन्सला. तिथल्या कॅथेड्रलच्या घुमटाला ४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही, आणि ह्यांचा उजवा गुडघा आमच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरच कुरकुरतो. तरी हट्ट, "१४३६ सालचा घुमट काय खालून बघून परत यायचं?" पन्नाशीनंतर कोणी चढलंय का? मध्ये टेकायला मिळतं का?

शिवाय तिथलं उफीझी हे चित्रसंग्रहालय सोमवारी बंद, आणि आमचा मोकळा दिवस नेमका सोमवारच. तेव्हा सिएना करावं की पिसा? मला सिएना हवंय. कललेला मनोरा फोटोत पुरे. आणि व्हेनिसला बॅगा घेऊन पूल चढायचे नसतील तर स्टेशनजवळच उतरावं ना?