मदत हवी आहे: फिल्म कॅमेऱ्यासाठी झूम लेन्स कोणती?

निकॉन एफएम२ वर दोन वर्षं फक्त ५० मिमीची लेन्स वापरतोय. आता एकच जुनी झूम घ्यायचीय. ३५-७० मिमी की ७०-२१० मिमी?

मित्राची एफ/४ ची ७०-२१० लावून पाहिली. आत आयएसओ २०० ची फिल्म, वेळ संध्याकाळची. प्रकाश मोजणारा मीटर १/६० सेकंदाच्या शटरवेगाच्या वर जाईना, आणि २१० ला हातात धरून किमान १/२५० तरी हवा. अर्ध्या रोलचे फोटो हलले! शिवाय कॅमेरा खाली झुकवला की झूमची नळी आपसूक घसरते. ती घट्ट करता येते का?

३५-७० सुटसुटीत, पण ५० असताना तिचा कितपत उपयोग? अ‍ॅपर्चर रिंग (लेन्सचं छिद्र लहान-मोठं करायचं कडं) हवीच, एवढं कळलंय. जुन्या लेन्समधली बुरशी टॉर्च मारून नेमकी कशी ओळखता?