मेथडिस्ट मंडळीतला रविवार: कामं कशी होतात, कुठे अडतात (अनुभव धागा)

जय ख्रिस्त.

आपल्या मेथडिस्ट मंडळ्यांचे (चर्चच्या स्थानिक समूहांचे) पाळक, म्हणजे धर्मगुरू, बदलत राहतात. कॉन्फरन्समध्ये (मंडळ्यांच्या मोठ्या सभेत) बिशपसाहेब नेमणुका वाचतात आणि पाळकसाहेबांचं बिऱ्हाड पुढच्या गावी हलतं. ही पद्धत मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लींच्या काळापासूनची आहे. तिच्यामुळे रोजची बरीच कामं मंडळीतल्या माणसांवर येतात: पेटी वाजवणं, प्रभुभोजनाची (येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीची) तयारी, दानाचा हिशोब, घरोघरच्या प्रार्थना, नोंदवह्या. मेथडिस्ट मिशनरी विल्यम टेलर १८७१ साली मुंबईत आले तेव्हाही आधी घराघरांत क्लास (प्रार्थनेचे छोटे गट) भरले, इमारती मागून उभ्या राहिल्या.

ही कामं जाणणाऱ्या माणसांकडे पुष्कळ माहिती असते, पण ती लिहिलेली नसते. म्हणून हा धागा. प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे. आपण जे काम करता ते नेमकं कसं करायचं, प्रमाण किती, बिघडतं कुठे आणि का, एवढं लिहा. साक्षी (विश्वासाचे वैयक्तिक अनुभव) आणि आठवणींसाठी वेगळा धागा काढू. मराठी मंडळ्यांवर भर असू द्या.

काळी पाच

पेटीपासून सुरुवात करतो.

गीतांचे क्रमांक शुक्रवारपर्यंत हाती हवेत. रविवारी सकाळी फळ्यावर क्रमांक पाहून वाजवणाऱ्याची बोटं चालतात, मंडळीचा गळा चालत नाही. ‘उपासना संगीत’ या आपल्या गीतपुस्तकात दोन तऱ्हेची गीतं आहेत. एक देशी चालींची: अभंग, ओवी, साकी, दिंडी. रेव्हरंड ना. वा. टिळकांची पुष्कळशी गीतं यात येतात. दुसरी पाश्चात्त्य चालींवर बसवलेली. दोन्हींना वेगळी वागणूक लागते.

पट्टी ठरवण्याचा साधा नियम: सकाळच्या उपासनेत मंडळीला वरच्या पांढरी दोनच्या (सप्तकातल्या दुसऱ्या पांढऱ्या कळीच्या) पुढे नेऊ नका. चाल तार सापर्यंतच (वरच्या सप्तकातल्या सापर्यंतच) जात असेल तर सा पांढरी दोनवर धरा. चाल तार गंधाराला पोचत असेल तर सा खाली काळी पाचवर आणा, म्हणजे गंधार बरोबर पांढरी दोनवर पडतो. पेटीवाले आपल्या गळ्याच्या सोयीने पट्टी धरतात, आणि मग दुसऱ्या कडव्यापासून पुरुष खालच्या सप्तकात गुणगुणू लागतात. अर्धी मंडळी गात नसेल तर पहिला संशय पट्टीवर घ्यावा, भक्तीवर नाही.

पाश्चात्त्य चालींना तबला लावताना तीनच्या ठेक्याला दादरा आणि चारच्या ठेक्याला केरवा बसतो. पण बऱ्याच चाली समेआधी (ठेक्याच्या पहिल्या, जोराच्या मात्रेआधी) एका स्वराने उठतात. तबलजी त्या उठावालाच सम देतो आणि सगळं गीत एका मात्रेने तिरपं जातं. उपाय असा की पहिली ओळ पेटीवर एकटी वाजवायची, तबल्याने दुसऱ्या ओळीच्या जोरकस अक्षरावर सम धरून यायचं.

एकाच वृत्तमापाची चाल बदलता येते हे खरं, पण बदलण्याआधी सगळी कडवी म्हणून पाहा. पहिलं कडवं छान बसतं आणि तिसऱ्यात ऱ्हस्व अक्षर चार मात्रा ताणावं लागतं.

आणि ओळीच्या शेवटी पेटीवर नक्षी नको. मंडळीला श्वास घ्यायला तेवढीच जागा असते. नक्षी काढली की लोक थांबतात आणि लय दर कडव्याला सुस्त होत जाते.

मलमलचं फडकं

प्रभुभोजनाच्या तयारीबद्दल. आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी असतं, बऱ्याच ठिकाणी तसंच आहे.

मेथडिस्ट प्रथेत न आंबलेला द्राक्षरस चालतो. थॉमस वेल्च हे अमेरिकेतले मेथडिस्ट दंतवैद्य. त्यांनी १८६९ मध्ये द्राक्षरस बाटलीत भरून उष्णतेने आंबणं थांबवलं, ते प्रभुभोजनासाठीच. आपल्याला तीच युक्ती घरच्या पातेल्यात करायची असते.

काळ्या मनुका पाव किलो घ्या. कोमट पाण्याने दोनदा धुवा, कारण त्यांच्यावर तेलाचा हात असतो आणि तो रसावर तवंग म्हणून दिसतो. एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी त्याच पाण्यात पंधरा ते वीस मिनिटं मंद उकळा, घोटा, मलमलच्या दुहेरी फडक्यातून गाळा. पाऊण लिटरच्या आसपास रस मिळतो. साखर घालू नका. भांडं स्टीलचं घ्या. ॲल्युमिनियममध्ये आंबट रसाला धातूची चव येते.

हे शनिवारी करायचं. गुरुवारी करून ओट्यावर ठेवलेला रस रविवारपर्यंत फसफसतो, मग न आंबलेला रस म्हणण्यात अर्थ राहत नाही. आधी करायचाच असेल तर गरम असतानाच उकळून वाळवलेल्या बाटलीत काठोकाठ भरा, बूच घट्ट लावा आणि थंड झाल्यावर फ्रिजमध्ये ठेवा.

लहान पेल्यात साधारण आठ मिली पुरतात. शंभर माणसांना आठशे मिली, आणि वर शंभर मिली राखीव. पेले काठापर्यंत भरू नका. गुडघे टेकलेल्या म्हाताऱ्या माणसाचा हात थरथरतो आणि पांढऱ्या साडीवर डाग पडतो. तबकावर झाकण हवंच, पावसाळ्यात माश्या येतात. भाकर रविवारी सकाळीच कापा, एक सेंटिमीटरचे चौकोन. रात्री कापलेली कडक होते आणि लोक गुडघे टेकतात त्या वेदीपुढच्या रेलिंगखाली तिचा चुरा सांडतो.

उरलेला रस मोरीत ओतायचा नाही, झाडाच्या मुळाशी मातीत. हा माझा आग्रह आहे.

नाशिकची द्राक्षं

मलमलताईंना एक जोड. फेब्रुवारी ते एप्रिल काळी द्राक्षं स्वस्त असतात, तेव्हा मनुका कशाला? किलोभर द्राक्षांचा सहाशे मिलीच्या आसपास रस निघतो. दाणे चेचून, ऐंशी-पंच्याऐंशी अंशांवर दहा मिनिटं तापवून गाळा. खळखळून उकळू देऊ नका, शिजल्याची चव येते. मिक्सरमधून काढू नका, बिया फुटून रस तुरट होतो.

रेलिंगजवळचा

वेळेचा हिशोब कोणी देत नाही म्हणून देतो. रेलिंगला एका वेळी बारा जण बसत असतील आणि मंडळी एकशे वीस असेल तर दहा फेऱ्या. एका फेरीला भाकर, रस आणि निरोपाचं वचन मिळून अडीच मिनिटं धरा, म्हणजे पंचवीस मिनिटं झाली. त्या रविवारी संदेश वीस मिनिटांवर ठेवावा लागतो आणि हे पाळकसाहेबांना आधीच सांगावं लागतं. नवीन पाळकांना ही इमारत, हे रेलिंग माहीत नसतं.

गुडघे टेकता येत नाहीत त्यांना शेवटी ठेवू नका. पहिल्या फेरीआधी पाळकांनी स्वतः त्यांच्या बाकाशी जावं. शेवटी ठेवलं की म्हातारी माणसं संकोचाने तशीच निघून जातात.

पाहुण्यांबद्दल स्वयंसेवकांना नीट सांगून ठेवा. आपल्याकडे प्रभूचा मेज मोकळा असतो. निमंत्रणात पश्चात्ताप, शेजाऱ्याशी प्रीती आणि नवं जीवन जगण्याचा निश्चय एवढंच विचारलं जातं. दुसऱ्या चर्चचा माणूस पुढे आला तर दारात सभासदत्व विचारू नये.

दोन सह्या

दानाची मोजणी. नियम थोडे आहेत, मोडतात मात्र सारखे.

मोजायला दोघं हवेत, एकाच घरातले नकोत. नोटांची फोड लिहायची: पाचशेच्या किती, दोनशेच्या किती, चिल्लर किती. दोघांच्या सह्या त्याच कागदावर, त्याच दिवशी. भरणा सोमवारी बँकेत. रविवारच्या रोकडीतून वायरमनला किंवा फुलवाल्याला परस्पर पैसे देऊ नका. जमा पूर्ण दाखवा, खर्च वेगळ्या व्हाउचरने. रक्कम योग्य असली तरी परस्पर दिलेल्या पैशांमुळे पुढच्या खजिनदाराला वर्षाचा ताळा लागत नाही.

मासिक पाकिटांवर नाव नको, क्रमांक घाला. क्रमांकांची यादी खजिनदाराकडेच राहते, म्हणजे कोण किती देतं याची मंडळीत चर्चा होत नाही. उपकारस्तुतीच्या (देवाचे आभार मानण्याच्या) दानाची चिठ्ठी वाचताना कारण वाचावं, रक्कम वाचू नये. काही मंडळ्या रक्कमही वाचतात. माझं स्पष्ट मत आहे की त्यामुळे शंभर रुपये देणारी विधवा चिठ्ठी टाकणंच बंद करते.

हंगामाच्या सणाचा लिलाव हा वेगळाच विषय. जोंधळ्याची कणसं, ऊस, भोपळे, अंडी, कोंबडा, घरचा केक असं सगळं वेदीपुढे येतं आणि उपासनेनंतर बोली लागते. बोली उत्साहात चढते आणि वसुली महिनोन्महिने रखडते. बोली लिहिणारा आणि पैसे घेणारा असे दोघं शेजारी बसवा, वस्तू पैसे मिळाल्यावरच हातात द्या. भाजी आणि अंडी आधी, केक आणि कोंबडा शेवटी, कारण बोली संपेपर्यंत लोक त्यासाठीच थांबतात. आणलेल्या वस्तूंतला धान्याचा वाटा लिलावात न काढता गरजू घरांसाठी बाजूला ठेवावा. हे सणाआधीच्या कमिटीत ठरवून घ्या, ऐन वेळी वाद होतो.

मंगळवारची प्रार्थना

घरोघरच्या प्रार्थनेचं मूळ पैशात आहे हे ऐकून नव्या सभासदांना नवल वाटतं. १७४२ साली ब्रिस्टलच्या सभागृहाचं कर्ज फेडायचं होतं. बारा-बारा जणांचे गट पाडून प्रत्येकाकडून आठवड्याला एक पेनी गोळा करायची असं ठरलं. गोळा करणारा दर आठवड्याला घरी जाऊ लागला, तेव्हा कोण आजारी, कोण दारूत बुडालंय, कोणाच्या घरात भांडण आहे, हे त्याला दिसू लागलं. वेस्लींनी त्यातूनच क्लास उभा केला. म्हणून गटाचा पुढारी म्हणजे घरी जाणारा माणूस. घोषणा पाळकही करू शकतात.

एका पुढाऱ्याकडे बारा ते पंधरा घरं, त्याहून जास्त नकोत. वार ठरलेला हवा. वेळ पाऊण तास: दोन गीतं, एक वाचन, पाच-सात मिनिटांचा विचार, बाकी प्रार्थना. लांबली की चाळीतल्या शेजाऱ्यांचा स्वयंपाक, मुलांचा अभ्यास खोळंबतो आणि पुढच्या वेळी ते घर निमंत्रण देत नाही.

फक्त चहा-बिस्किटं, हा नियम कडक ठेवा. एका घरी पोहे झाले की दुसऱ्या घरी वडे होतात, आणि तिसरं घर खर्चाला भिऊन आपली पाळी टाळतं. ज्या घराला प्रार्थनेची सर्वांत जास्त गरज असते तेच गळतं.

आणखी एक, अलीकडचं. प्रार्थनेचे विषय व्हॉट्सॲपवर टाकताना आजाराचं नाव, दवाखाना, मुलीच्या लग्नाची अडचण असलं काही लिहू नका. “अमुक कुटुंबासाठी प्रार्थना करा” एवढं पुरतं.

नोंदवहीवाला

लग्नाचं लिहितो, कारण इथे चूक झाली तर कायद्यात सापडते. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा १८७२ चा आहे. विधी सकाळी सहा ते संध्याकाळी सात या वेळेतच व्हायला हवा. वेळेची सूट मोजक्या चर्चच्या पाळकांना आहे, त्यांत मेथडिस्ट नाहीत. म्हणून पत्रिकेत साडेसहाची वेळ छापू देऊ नका. वरात वाजतगाजत येते, नवरी पार्लरमधून निघालेली नसते आणि सात वाजून जातात. चारची वेळ द्या. पाळकांखेरीज दोन साक्षीदार हवेत, आणि ते विधी पाहणारे हवेत. जेवणाच्या पंगतीतून सहीला बोलावलेला माणूस चालत नाही.

लग्नाची सूचना वाचण्याआधी दोघांची नावं आधार, शाळेचा दाखला आणि बाप्तिस्म्याचा दाखला यांवर ताडून घ्या. बाप्तिस्म्याच्या वहीत लाडकं नाव आणि दाखल्यावर दुसरंच, असं फार आढळतं. पुढे पासपोर्टच्या वेळी तीच मुलं दाखला दुरुस्त करून मागतात. वहीतली मूळ नोंद खोडायची नाही. समासात दुरुस्ती, तारीख आणि पाळकांची सही.

शेवटचा बाक

एकतीस डिसेंबरच्या रात्रीचं राहिलं. आपल्याकडे ही नुसती वर्षाखेरीची उपासना नसते, देवाशी करायच्या कराराची असते. वेस्लींनी पहिली करार-उपासना लंडनमध्ये ११ ऑगस्ट १७५५ रोजी घेतली. तिच्या प्रार्थनेत माणूस स्वतःला देवाच्या हाती सोपवतो: कामाला लाव किंवा बाजूला ठेव, भरलेलं ठेव किंवा रिकामं ठेव.

ही प्रार्थना मंडळीने एकत्र म्हणायची असते, म्हणून छापील कागद प्रत्येकाच्या हाती हवा. अक्षर मोठं, चौदा पॉइंटच्या खाली नको. साडेदहाला सुरू करा. अकरा चाळीसला करार, मग पाच मिनिटं पूर्ण शांतता, मग गुडघ्यांवर प्रार्थना, बाराला घंटा. गडबड होते ती साक्षींमुळे. साक्षी लांबतात आणि करार दोन मिनिटांत उरकला जातो. साक्षी अकरा वीसला थांबवायला एक माणूस नेमा, आणि तो वयाने मोठा असू द्या.

बाहेरचा लाउडस्पीकर रात्री दहानंतर बंद. काही दिवसांना बारापर्यंत सवलत मिळते, त्यासाठी त्या वर्षीची जिल्हाधिकाऱ्यांची यादी पाहून परवानगी आधी काढा. आतली उपासना बिनामाइक होऊ शकते. करार तर बिनामाइकच चांगला वाटतो.

जुना सेक्रेटरी

पाळकांची बदली झाली की आठवड्याभरात एक कागद तयार करा: बाप्तिस्मा, दृढीकरण (विश्वासाची जाहीर कबुली देण्याचा विधी), लग्न, दफन यांच्या वह्या कुठे आहेत आणि शेवटची नोंद कितवी, बँकेत सही कोणाकोणाची, अंथरुणाला खिळलेली माणसं कोणती आणि त्यांना प्रभुभोजन घरी कोणत्या वारी देतात, दफनभूमीची किल्ली कोणाकडे. नव्या पाळकसाहेबांना आणि पाळकीणबाईंना पहिल्या भेटीत हाच कागद द्या, मंडळीतली भांडणं सांगू नका. ती त्यांना पुढे कळतातच. आणि अंथरुणाला खिळलेल्यांकडे पहिल्या आठवड्यातच त्यांना सोबत घेऊन जा, कारण त्या माणसांना बदली झाल्याचं बहुतेक वेळा कोणी सांगितलेलंच नसतं.